दोन बोटं मोठं दार

रविवारी सकाळीच शिंप्याच्या बायकोने निकाल देऊन टाकला. "पाच वाजता माझी धाकटी बहीण टोपली घेऊन येतेय. तोवर खुराड्याला धड दार बसलं तर ठीक, नाहीतर तिन्ही कोंबड्या तिच्याकडे. रोज उठून पिसं गोळा करायची माझ्यात ताकद नाही."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. जुनं दार कुजलं होतं आणि एका भटक्या बोक्याने आठवड्यात दोन कोंबड्या लांबवल्या होत्या. शिंपी "बरं" म्हणाला. दुकान बंद केल्यापासून तो बहुतेक गोष्टींना "बरं"च म्हणे. पहिले सहा महिने तर नऊ-नऊ वाजेपर्यंत अंथरुणात पडून असायचा. उठून करायचं काय? मग कोंबड्या आल्या आणि तो सहाला उठून खुराडं उघडू लागला. त्यांच्यावर त्याचा जीव जडला होता. त्या गेल्या तर आपण पुन्हा छताकडे बघत पडू, याची त्याला भीती वाटत होती. पण चाळीस वर्षं कात्री चालवलेला माणूस कोंबड्यांसाठी गळा काढतो, असं कोण म्हणवून घेईल?

ऊन छान पडलं होतं. बायको खताचा खड्डा उपसायला लागली. त्याने आधी टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावल्या आणि ती चिंध्यांनी बांधली. गाठी अशा सुबक, की टोमॅटोंना कोणी बघायला येणार असावं. मग गळ्यातली टेप काढून खुराड्याची चौकट मापली, फळ्या कापल्या, मागून आडव्या पट्ट्या ठोकल्या, हिरवा रंग दिला. दार देखणं झालं. दोन वाजता ते उचलून चौकटीला लावलं, तर आत जाईना.

त्याने पुन्हा मापलं. उंचीला दोन बोटं जास्त, रुंदीलाही दोन बोटं जास्त. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. हाताने सवयीने चारी बाजूंना शिलाईपुरती जागा सोडली होती. कापड दुमडतं. लाकूड कुठलं दुमडायला!

बायको घमेलं ठेवून आली. हसली नाही, हे तिचे उपकार.

"कापा की कडेने."

"कडेलाच खिळे आहेत. करवत चालायची नाही."

"मग बाहेरून लावा. डब्यावर झाकण ठेवतो तसं."

"बाहेरून?" शिंप्याचा चेहरा पडला. "अगं, मापात बसेना म्हणून वरून चिकटवलेलं दार! लोक काय म्हणतील?"

"लोक राहणार आहेत का आत?"

खरं घोडं इथेच अडलं होतं. आपलं माप चुकलं, हे त्याने जन्मात कबूल केलं नव्हतं. बाही लांब झाली म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला "तुम्ही हात आखडून उभे राहता" असं ठणकावायचा, कोट ठेवून घ्यायचा आणि मागाहून गुपचूप बाही उसवायचा. साऱ्या गल्लीला ते ठाऊक होतं. चार वाजेपर्यंत तो दारासमोर नुसता बसून राहिला. कोंबड्या त्याच्या चपलांभोवती माती उकरत होत्या.

मग तो उठला आणि त्याने बिजागऱ्या बाहेरून ठोकल्या.

धाकटी मेहुणी बरोबर पाचला आली. दार पाहिलं आणि पोट धरून हसायला लागली. "भाऊजी, हे कुणाच्या मापाचं? शेजारच्या म्हशीच्या?" कुंपणापलीकडून दोन डोकी वर आली. "याचा काय भरवसा! द्या त्या इकडे," म्हणत तिने वाकून एक कोंबडी धरलीसुद्धा.

बायकोने दाराच्या चारी कडांना बोट घालून पाहिलं. कुठेच शिरलं नाही. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं.

शिंप्याचे कान लाल झाले. चौकटच वाकडी आहे, हे उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"माप चुकलं माझं," तो म्हणाला, कुंपणापलीकडेही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "दार मोठं झालंय. पण कोंबडी खाली ठेव. मला सकाळी उठायला त्या लागतात."