पाय माझे, डोके तिचे

मित्रांनो, झाडाकडे बघताना तुम्ही मान वर करता. साहजिकच आहे. फुले वर, फळे वर, पाखरेही वरच. आज जरा खाली बघा. जमिनीपासून वीतभर उंचीवर बुंध्याला सुजल्यासारखा एक कंगोरा दिसतो ना, त्याच्या खालचा मी. मी एक जुना खुंट आहे.

खुंट म्हणजे काय ते सांगतो. चांगल्या जातीच्या फळाचे बी पेरले, तर उगवणारे झाड आईबापांसारखे निघेलच असे नाही. म्हणून आधी एखादे काटक, रानटी रोप वाढवतात, त्याचा शेंडा छाटतात आणि त्या जखमेत चांगल्या जातीची काडी बसवून घट्ट बांधतात. दोघांची साल जुळली की एकच झाड होते. मुळे रानट्याची, फळे चांगल्याची. त्यातला रानटी तो मी. माझ्या जातीच्या नाशपातीला काटे असतात, आणि फळे अशी तुरट की पाखरू एकदा चोच मारते आणि पुन्हा फिरकत नाही.

माझा जन्म विद्यापीठाच्या संशोधन बागेत, काचघरामागच्या वाफ्यात झाला. या बागेत झाडे लावतात ती जाती हरवू नयेत म्हणून. जी जात आता कुणी लावत नाही, तिचेही एखादे झाड इथे सांभाळलेले असते. कुणाला नवी जात तयार करायची असली की तो इथे येतो आणि हव्या त्या फुलातला पराग घेऊन जातो.

बागेचे सर उंच, किडकिडीत आणि स्वतःशीच बोलणारे होते. एका थंड सकाळी ते माझ्यापुढे गुडघे टेकून बसले आणि एका फटक्यात त्यांनी माझा शेंडा उडवला. मग हातातली काडी जखमेत बसवता बसवता म्हणाले, "रागावू नकोस हं. पाय तुझे, डोकं तिचं."

ती म्हणजे हट्टी. कागदावर तिचे नाव लांबलचक होते, पण सर तिला हट्टीच म्हणत. कारण तिची फळे झाडावर पिकतच नसत. दगडासारखी उतरवायची, गवतात घालून ठेवायची, आणि सगळ्यांनी आशा सोडली की मग हिवाळा सरता सरता ती मऊ होत आणि खोलीभर वास सुटे. दिसायला ओबडधोबड, बाजारात तिला कुणी विचारले नसते. पण नाशपातीच्या फांद्या काळ्या करून टाकणारा रोग तिच्या वाटेला जात नसे. म्हणून सर तिचा पराग दुसऱ्या देखण्या फुलांवर ब्रशने लावत. तिची लेकरे पुढे पुष्कळ मळ्यांत गेली.

पाहुणे येत, हट्टीचे कौतुक करत, तिच्यासोबत फोटो काढत. माझ्याकडे कुणी पाहत नसे. त्याचे मला वाईट वाटत नव्हते, कारण सर दर वसंतात खास माझ्यासाठी वाकत. मित्रांनो, खुंट आपले डोके कधी विसरत नाही. ऊन वाढले की कंगोऱ्याखाली माझे कोंब फुटतात. ते वेळीच काढले नाहीत, तर वर जायचे पाणी वाटेतच पितात. सर ते कोवळे असतानाच अंगठ्याने पुसून टाकत आणि दर वेळी तेच म्हणत, "रागावू नकोस हं. पाय तुझे, डोकं तिचं."

पुढे हे काम त्यांच्या लेकीकडे आले. ती लहान होती, पण गप्पा मोठ्या. अनवाणी सरसर वर चढून हट्टीच्या बेचक्यात बसायची आणि तिथूनच बापाला हुकूम सोडायची.

"ठमाबाई, खालची फूट पुसलीस का?" सर ओरडून विचारत.

"पुसली!"

"अंगठा बघू."

मग ती खाली उतरून अंगठा वर धरायची. तो हिरवा असला तर सुटका, नसला तर, "वा! तोंडानं पुसलीस वाटतं?"

वर्षे गेली. मुलगी शिकली, दुसऱ्या शहरात लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढू लागली. सर निवृत्त झाले, तरी काठी टेकत येत राहिले. बागेतले हट्टीच्या जातीचे दुसरे झाड वादळात पडले आणि ती एकटीच उरली, तेव्हा ते फार वेळ माझ्याजवळ उभे होते. "यंदा हिच्या काड्या घेऊन नवी कलमं बांधायचीच," असे ते दर हिवाळ्यात म्हणत. पण प्रत्येक वेळी तिच्याहून अशक्त एखादे झाड पुढे येई आणि धडधाकट हट्टी मागे राही.

मग एका वसंतात सर आलेच नाहीत. ते दवाखान्यात होते.

मला कोंब फुटले. आधी एक, मग कंगोऱ्याखाली भोवताली रांगच. मुळे माझी, त्यामुळे पाणी माझ्या हातून जाते. आणि वर पाठवायच्या आधीच माझी पोरे वाटेत आ वासून उभी. वर हट्टीची पाने छोटी झाली, मग पिवळी. मी हे ठरवून करत नव्हतो. पण थांबतही नव्हतो. खरे सांगू? कितीतरी वर्षांनी माझ्या स्वतःच्या पानांवर ऊन पडत होते, आणि ते मला आवडत होते. त्या आवडण्याचीच आज लाज वाटते.

उन्हाळ्याच्या शेवटी मुलगी आली. दवाखान्यातल्या जागरणांनी डोळे ओढलेले. माझ्या दाट फांद्या पाहून तिचा चेहरा एकदम फुलला. तिने तिथूनच वडिलांना फोन लावला.

"बाबा, ऐका, तुमची हट्टी मजेत आहे. इतकी हिरवीगार मी तिला कधी पाहिलीच नव्हती!"

"वरून की खालून?" सरांचा आवाज पार बारीक झाला होता.

"सगळीकडून! तुम्ही या, मग बघा."

"खालचं बघ..." पुढे खोकल्याची उबळ आली.

"हो हो, बघते. तुम्ही आता बोलू नका बरं, दम लागतोय."

फोन बंद झाला. तिने माझ्या पानांवरून हात फिरवला. तो हात हट्टीसाठी होता; मी तो घेतला. काय सांगू तुम्हाला! खुंटाला तोंड नसते, पण त्या दिवशी असते तरी मी ते उघडले असते की नाही, कोण जाणे.

पानगळीच्या आधी सर गेले.

हिवाळ्यात बागेच्या नव्या मॅडम मुलीला घेऊन आल्या. मॅडम मनापासून काम करणाऱ्या, पण त्यांचे आयुष्य द्राक्षांत गेलेले. सरांचे राहिलेले काम पुरे करायचे, हट्टीच्या काड्या घेऊन नवी कलमे बांधायची, असे त्यांनी ठरवले होते.

"पहिली काडी तुम्हीच कापा," त्या मुलीला म्हणाल्या. "या बघा, कशा सरळ, जोमदार आहेत. यातल्याच घेऊ."

त्या माझ्या होत्या. पाने गळून गेली होती, सगळ्या काड्या सारख्याच उघड्या. आता त्या हट्टीच्या नावाने नव्या खुंटांवर बसणार होत्या. पाटीवर नाव तिचे राहिले असते आणि जगात तिचे लाकूड कुठेच उरले नसते. कितीतरी वर्षांनी तुरट फळे लागली असती, तेव्हा कुठे कुणाच्या लक्षात आले असते. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या काट्यांचा आधार वाटला.

"आई गं!" मुलीने हात मागे घेतला. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला होता.

"असतात हो नाशपातीला थोडेफार काटे," मॅडम म्हणाल्या.

"हिला नाहीत. मी हिच्यावर अनवाणी चढायचे."

ती गुडघ्यांवर बसली. ती काडी धरून हात खाली खाली नेत राहिली, थेट कंगोऱ्याच्या खाली. मग दुसरी काडी. मग तिसरी.

"हे खालचं आहे, मॅडम. सगळंच्या सगळं खालचं." अंगठ्यावरचे रक्त पुसत ती म्हणाली, "दिवसभर मी लोकांना विचारत असते, खालची ओळ वाचता येतेय का म्हणून. बाबा सांगत होते, खालचं बघ. मी म्हटलं, हो हो, बघते."

मॅडमनी तिची समजूत काढली नाही. "रडायला नंतर वेळ आहे," त्या म्हणाल्या. "मलाही दिसलं नाहीच की. आधी वर काय उरलंय ते बघू. चला, चढा."

माझ्या जाळीतून ओरखडे खात दोघी आत शिरल्या. मुलगी हट्टीच्या फांद्यांची साल नखाने खरवडू लागली. आत हिरवे दिसले तर फांदी जिवंत, तपकिरी दिसले तर मेलेली. तपकिरी. तपकिरी. पुन्हा तपकिरी. पार बागेच्या भिंतीकडच्या बाजूला, एका वाकड्या डहाळीवर, तिचे नख थांबले.

"आहे!" ती ओरडली. "मॅडम, आहे!"

मूठभरही काड्या निघाल्या नाहीत. त्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. मग मुलीने करवत मागितली आणि माझ्यापुढे बसली. "रागावू नकोस हं," एवढे म्हणाली. पुढचे वाक्य तिच्या तोंडून निघाले नाही. माझी एकेक फांदी खाली पडत होती आणि माझ्या अंगावरचे ओझे उतरत होते.

वसंतात वाफ्यातल्या कोवळ्या खुंटांवर त्या काड्या बांधल्या. बऱ्याच वाळल्या, थोड्या धरल्या. माझ्या डोक्यावरची ती वाकडी डहाळीही फुलली, उशिरा आणि विरळ. आता आहे नाही तेवढे पाणी मी तिला पाठवतो. पण गेलेल्या फांद्या त्याने परत येत नाहीत, आणि ज्यांना हे दाखवायचे ते सरही येत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या अंगणात, शाळेत कलमी झाड असेल तर ते हिरवे दिसते एवढ्यावर समाधान मानू नका. खाली वाका. ते हिरवे कुठून आले आहे ते बघा. माझ्यासारख्याला दर वसंतात फूट येणारच. तो आमचा स्वभाव आहे आणि आम्हाला तो आवरत नाही. म्हणून तुम्ही या. अंगठ्याने पुसा. आम्ही रागावत नाही.

सरांची लेक आता दर वसंतात येते. कंगोऱ्याखालून गोल हात फिरवून कोंब पुसते. मग उठते, आणि जवळपास कुणी नसतानाही हिरवा झालेला अंगठा क्षणभर वर धरते.