मैद्याची खळ आणि भाकरीचा घास

चाळीस वर्षं लोणावळ्यात राहून जी बाई कापडाला मैद्याची खळ लावते, तिला काय म्हणावं? इथे आषाढात चपलांना बुरशी येते, पुस्तकांना येते, देवघरातल्या वातींनासुद्धा येते. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं की आपल्यालाच सगळं कळतं असं वाटायला लागतं, आणि ती खोड निवृत्तीनंतरही जात नाही.

झालं ते असं. माझ्या लेकीला, तेजलला दिवस गेले, तेव्हा आईच्या चार लुगड्यांची गोधडी नातवंडासाठी करायची असं मी ठरवलं. पाळण्यापुरती नाही, चांगली मोठी, वाढत्या अंगाची. शिवणार होत्या नंदाबाई. कार्ल्याजवळच्या वाडीत त्यांची भातशेती आहे, आणि उन्हाळ्यात त्या गोधड्या शिवतात. त्यांचा टाका असा की उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली ते कळू नये. माझी मैत्रीण इंदिरा तिचा बंगला पाहुण्यांना भाड्याने देते. माझ्याच सांगण्यावरून तिने नंदाबाईंना बारा गोधड्या सांगून ठेवल्या होत्या. "आधी तुझी झालेली बघते, मग कापड देते," एवढीच तिची अट होती. एवढं मोठं काम नंदाबाईंना कधी मिळालं नव्हतं. त्यांच्या दोन्ही सुना त्यांच्याबरोबर शिवायला बसणार होत्या.

गोधडी शिवण्याआधी टाचावी लागते. जमिनीवर लुगड्यांचे थर अंथरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आणि सगळ्या थरांतून लांब लांब टाके घालत जायचं, म्हणजे पुढे शिवताना कापड सरकत नाही. त्यात दोन दिवस गुडघ्यांवर जातात. मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातल्या बाईने मैदा पाण्यात शिजवला, ती खळ थरांमध्ये फासली, वरून इस्त्री फिरवली, आणि टाचण्याचं कामच संपलं. मला काय, हुरूपच आला. रंगकामातला उरलेला रुंद ब्रश घेऊन मी जेवणाच्या टेबलावर अख्खी गोधडी चिकटवली. एक सुरकुती नाही. पापडासारखी ताठ झाली होती.

नंदाबाईंनी ती हातात घेतली आणि बोटांनी दाबून पाहिली.

"बाई, ह्ये कडक लागतंय. काय लावलंय?"

"खळ. आता तुम्हाला टाचायला नको."

"आमी न्हाई लावत. हितं दमट हवा. लय वास मारंल."

"नंदाबाई, जग कुठल्या कुठे गेलं!" मी म्हटलं. ते शब्द आठवले की आजही कानशिलं तापतात.

त्या वाद घालणाऱ्यातल्या नाहीत. कडक कापडातून सुई जाईना, बोटांना चिंध्या बांधून त्यांनी ती शिवली. आणून दिली तेव्हा जूनचा पहिला आठवडा होता. "दोनदा धुवा, आन् कडक उन्हात टाका. मगच ठिवा," एवढं बजावून गेल्या. जाताना कोपऱ्यावर हात फिरवून म्हणाल्या, "घास घातलाय हां." गोधडी उपाशी ठेवू नये म्हणून शेवटचा कोपरा बंद करताना त्या आत भाकरीचा तुकडा घालतात. मी हसले होते.

धुतली नाही. उद्या ऊन पडेल, परवा पडेल असं करता करता गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवली ती सप्टेंबरपर्यंत.

बारशाला घर भरलं होतं. महिला मंडळाच्या सगळ्या जणी, तेजलच्या सासरचे, आणि दाराजवळ सतरंजीच्या टोकाला नंदाबाई, मांडीवर नारळ आणि बाळाचं झबलं घेऊन. त्यांना मीच बोलावलं होतं. गोधडी सगळ्यांसमोर उघडायची, तिचं कौतुक व्हायचं, आणि इंदिराने तिथल्या तिथे कापड द्यायचं, असं माझ्या मनात होतं.

पिशवी उघडली आणि आधी वास आला. मग गोधडी पसरली. आईच्या अंजिरी लुगड्यावर हिरवे-काळे डाग, पार मधोमधपर्यंत. तेजलच्या सासूबाईंनी बाळाला उचलून आतल्या खोलीत नेलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "नंदाबाईंनी आत भाकरी घातली होती ना. तरी मी म्हणत होते."

म्हणत वगैरे काही नव्हते. पण बोलले, आणि बोलताना मला हलकं वाटलं, हे जास्त वाईट. सगळ्या माना दाराकडे वळल्या. "अन्न घालतात कपड्यात?" कुणीतरी विचारलं. इंदिरा म्हणाली, "मग माझ्या त्या बारा राहू द्यात." नंदाबाई माझ्याकडे एकदाच बघून राहिल्या. त्यांनी पदर सारखा केला, नारळ आणि झबलं पाळण्याजवळ ठेवलं, आणि न जेवता गेल्या. 'खळ' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. उच्चारला असता तर मी तिथेच संपले असते.

दुसऱ्या दिवशी निदान लुगडी वाचतील म्हणून गोधडी उसवायला बसले. कोपऱ्यात चिंधीची एक चिमुकली पुरचुंडी निघाली. आत भाकरीचा तुकडा, तव्यावर भाजून खडखडीत केलेला, हळद चोळलेला. त्याला बुरशीचा ठिपकाही नव्हता. थर सोडवले तेव्हा बुरशी दिसली ती पट्ट्यापट्ट्यांनी, वरून खाली, खालून वर. एकेक पट्टा माझ्या ब्रशाएवढा रुंद. माझ्या हाताची फिरत गोधडीवर उमटली होती. मला माझीच शिसारी आली.

त्याच दिवशी फोन करायला हवा होता. मी तीन आठवडे केला नाही. आज त्या शेतावर असतील, आज गुरुवार आहे, आज माझा घसा बसलाय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी रोज अनुभवत होते. शेवटी ती पुरचुंडी पर्समध्ये घालून कार्ल्याची बस धरली.

नंदाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मी पुरचुंडी त्यांच्यासमोर धरली आणि सगळं सांगितलं. रडलेही. त्यांचं सूप थांबलं नाही.

"मला कशापायी सांगता, बाई? मला ठावंच व्हतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमच्या दारात, तुमच्या नातवाच्या बारशाला? तुमाला खोटं पाडू?" त्यांनी कोंडा फुंकला. "जितं बोल्लात, तितं सांगा."

पुढच्या आठवड्यात इंदिराच्या बंगल्यात महिला मंडळाचा भोंडला होता. फेर झाला, खिरापत ओळखायची वेळ आली, आणि मी उभी राहिले. म्हटलं, "त्या गोधडीला बुरशी माझ्यामुळे आली. मैद्याची खळ मी लावली होती. नंदाबाईंनी नको म्हटलं होतं. धुवायला सांगितली, तीही मी धुतली नाही. आणि सगळ्यांसमोर त्यांचं नाव घेतलं."

सगळ्या हसल्या. "अहो इरावतीबाई, एवढं काय त्यात!" एक जण म्हणाली. इंदिरा म्हणाली, "मी तर मशीनच्या मागवल्यासुद्धा. छान आहेत." लगेच सगळ्या खिरापतीकडे वळल्या. कुणी मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांच्या लेखी तिथे काही घडलंच नव्हतं. एका बाईचं काम गेलं होतं, आणि ते परत आणायची माझी ताकद नव्हती.

दिवाळी झाल्यावर धुऊन, उकळून, उन्हात वाळवून वाचलेली लुगडी घेऊन मी पुन्हा वाडीत गेले.

"सांगितलं," मी म्हटलं. "पण त्या बारा गेल्या."

"जाणारच व्हत्या." मग त्यांनी विचारलं, "माझं नाव घेऊन सांगितलंत?"

"हो. तुमचं घेतलं, माझंही घेतलं."

त्या आत गेल्या. मला वाटलं, आता चहा येईल. त्या सुई-दोरा घेऊन आल्या. अंगणात लुगडी अंथरली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि सुई माझ्या हातात दिली.

"टाचा."

मी गुडघ्यांवर बसले. हातभर टाचून होतं न होतं तोच खाली चुणी पडली. त्यांनी बोटाने चाचपलं आणि सगळं उसवलं.

"पुन्यांदा."

दोन दिवस मी तिथे जात होते. गुडघे सुजले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा टाका घातला तेव्हा त्यांनी गोधडी उचलून झटकली. एकही थर हलला नाही. त्यांनी ती शिवायला जवळ ओढून घेतली. मी धीर करून म्हटलं, "शेवटचा घास मी घरून आणू का? माझ्या हातची पोळी?"

नंदाबाईंनी पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई बाई. घास माझ्याच भाकरीचा पडंल."

"बरं," मी म्हणाले. माझी मान काही वर झाली नाही.