सरांचा शेवटचा पापुद्रा

सरांनी तिचं, त्यांच्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थिनीचं, नाव घाईबाई ठेवलं होतं आणि ते काही उगाच नव्हतं. चहाला उकळी फुटायच्या आत तो गाळणारी ती बाई. सरांचं अगदी उलटं. स्फटिकाचा तुकडा चिकटपट्टीवर दाबायचा, पट्टी दुमडायची आणि अंगठ्याने इतक्या सावकाश सोलायची, की बघणाऱ्याने जांभया द्याव्यात. पण याहून पातळ होऊच शकत नाही असा एकाच थराचा पापुद्रा निघायचा तो त्यांच्याच हातून. बाकीच्यांच्या पट्टीवर नुसता चुरा.

अशा पापुद्र्यात इलेक्ट्रॉनांना बसायला ऊर्जेच्या दोन दऱ्या असतात. उजवा पीळ दिलेला प्रकाश टाकला की ते एकीत उतरतात, डावा टाकला की दुसरीत. उतरतात खरे, पण आपल्याला कुठे बसवलं होतं ते पापणी लवायच्या कितीतरी आधी विसरतात. त्या विसरण्याआधी दुसऱ्या झोताने त्यांची दरी बदलायची, एवढ्या एका गोष्टीपायी सरांनी उभा जन्म घालवला. आता त्यांचे हात कापत होते. दवाखान्यात जाण्याआधी काढलेला एकच पापुद्रा उरला होता आणि तो तिच्या यंत्राखाली होता.

दुपारी सरांच्या बायकोचा, काकूंचा, फोन आला.

"सारखं तुझंच विचारतायत गं. दरी बदलली का, म्हणतात. डॉक्टर म्हणाले, भेटायचं तर आजच."

खरं तर मंद झोतात तासन्‌तास मोजत बसायचं हे काम. पण सरांच्या कानावर उत्तर घालायचंच म्हणून तिने लेसरचा जोर वाढवला. इलेक्ट्रॉन कुठल्या दरीत आहेत ते दाखवणारी पडद्यावरची रेघ वर चढली, वळायला लागली आणि एकदम सपाट झाली. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर पापुद्र्याच्या मधोमध भोक.

खोटं सांगायचं, असं तिने दवाखान्याचा जिना चढताना पक्कं केलं होतं. पण सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिची जीभ रेटेना.

"जाळला, सर. मी जोर वाढवला."

"काही दिसलं?"

"रेघ वळत होती. पण तेव्हाच तो जळतही होता. दरी बदलली की नाही, ते आता नाही सांगता येणार."

काकूंनी तोंड फिरवलं.

"घाईबाई," सर म्हणाले आणि जरासे हसले. "असू दे. दुसरा काढू."

सलाईनची सुई धरून ठेवणारी चिकटपट्टी त्यांच्या डाव्या हातावर होती. उजव्या अंगठ्याने त्यांनी तिचा कोपरा चाचपला आणि सावकाश उचलायला लागले. तिने पट्टी पुन्हा दाबून बसवली. त्यांनी पुन्हा कोपऱ्यापासून सुरुवात केली.

"अगं, हात धर त्यांचा," काकू म्हणाल्या.

तिला ते करवेना. ते कोपरा उचलत राहिले, ती दाबत राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला कसलीही घाई नव्हती.