स्वतःच्याच पोटात गेलेला फोल्डर

"सांगतो, पण कुणाचा विश्वास बसणार नाही," ही दादांची ठरलेली सुरुवात. गंमत अशी की बारा वर्षांत विश्वास न ठेवणारा एकही माणूस त्यांना भेटला नव्हता.

आज मात्र समोर धाकटी बहीण बसली होती. बारा वर्षांनी तिनं या घराचा उंबरा ओलांडला, तोही दादांची लेक जाऊन घेऊन आली म्हणून. बहीणभाऊ एकाच कचेरीत कामाला होते. ती पुलांचे नकाशे काढायची, दादा सर्व्हर सांभाळायचे. एके दिवशी एका पुलाचे आठ महिन्यांचे नकाशे नाहीसे झाले, आळ तिच्यावर आला आणि ती घरी बसली. 'हिनं केलं नाही,' एवढंच दादांनी चारचौघांत म्हणावं, म्हणून ती आली होती. दादांना ते ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी घाईघाईनं गोष्ट काढली.

"तर जावईबापू, एका फाइलला दोन नावं देता येतात. हार्ड लिंक म्हणतात. बाई एकच, माहेरी ताई, सासरी वहिनी. एक नाव पुसलं तरी बाई जागच्या जागी."

"आणि दोन्ही पुसली तर?"

"तर बाई देवाघरी!"

जावई खो खो हसला. बहीण चहाच्या कपाकडे बघत राहिली.

"आता या आमच्या बहीणबाईंनी काय करावं? फाइल सोडून अख्ख्या फोल्डरलाच दुसरं नाव दिलं आणि तो त्याच्याच पोटात ठेवला! बापाच्या पोटात पोरगा, पोराच्या पोटात बाप. आत शिरावं तर पुन्हा तेच दार. मशीन तीन दिवस आत चालत होतं. पंखे असे घोंगावले की समोरच्या इमारतीतले लोक विमान बघायला गच्चीवर चढले! शेवटी त्या फोल्डरनं नकाशांसकट स्वतःलाच गिळलं. साधा ढेकर नाही दिला!"

"तुम्ही काढलं नाहीत बाहेर?" जावयानं विचारलं.

"मीच तर काढायला गेलो! त्या मशीनचा रूट मी. मालकाचाही मालक. पासवर्ड या टाळक्यात, दुसऱ्या कुणाच्या बापाला ठाऊक नाही."

दादांचा गळा मस्त तापला होता. खरं काय ते त्या टाळक्यातच होतं. डिस्क भरली होती. तेच नकाशे बहिणीच्या फोल्डरमध्येही दिसले, तेव्हा या जादा प्रती असं समजून दादांनी त्या आतून रिकाम्या केल्या. ओरड नको म्हणून नावं तेवढी राहू दिली. नावं दोन होती, फाइल एकच; दोन्हीकडचे नकाशे एकदमच गेले. मिनिटभरात चूक कळली, तर बॅकअपची टेप वर्षभर बदललेली नव्हती, म्हणजे परत आणायला प्रतच नव्हती. कटकट नको म्हणून नकाशे काढणाऱ्या अख्ख्या ग्रुपला त्या नकाशांत बदल करायचे हक्क दादांनीच दिले होते. सगळ्यांना हक्क म्हणजे सगळ्यांवर संशय. साहेबांनी विचारलं, तेव्हा जिभेवर पहिलं नाव सख्ख्या बहिणीचंच आलं.

"बाबा," लेक म्हणाली. तीही आता सर्व्हरच सांभाळायची. "फोल्डरला हार्ड लिंक करता येत नाही. मशीन करूच देत नाही."

"तुमची नवी नाजूक मशीनं! आमच्या त्या जुन्यावर चालायचं."

"चालायचं. मी जुनी माहितीपुस्तकं काढून वाचली. पण फक्त रूटला चालायचं."

दादांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"आत्याला ग्रुपपुरतेच हक्क होते. रूटचा पासवर्ड कुणाकडे होता, ते तुम्हीच आत्ता सांगितलंत. म्हणजे तुमची गोष्ट खरी धरली, तरी त्यात आत्या कुठेच बसत नाही. खोटं बोलताय तुम्ही, बाबा. बारा वर्षं खोटं बोलताय."