त्या खोलीतली माणसं

“गोळी गिळलीस? जीभ वर कर,” बुरुल एजे म्हणाली. मी केली.

फाटकातून घरमालकीण झुउरा डोकावली. “सापार, ही बाई रोज कशाला येते रे?”

“मी याची मावशी,” एजेनं परस्पर ठोकून दिलं. “स्थळं बघतेय.”

झुउरा खुश झाली. बिश्केकच्या कडेच्या आमच्या वस्तीत क्षयाचं नाव काढलं की भाडेकरूचं सामान रस्त्यावर येतं. बुरुल दवाखान्यातली नर्स. चिखल तुडवत घरोघरी गोळ्या देत फिरायची. सगळेच तिला एजे, म्हणजे थोरली बहीण म्हणत.

झुउरा गेल्यावर तिनं विचारलं, “रशियात कसा राहायचास?”

“गवंड्यांची खोली. पाळीपाळीनं झोपायचो, बिछाना कधी गार पडायचा नाही. हिवाळ्यात खिडकी चिकटपट्टीनं बंद.”

“आणि आता बाकीचे?”

“काम संपलं, पांगले. कोणी मॉस्कोला, कोणी ओशला. मकसत अल्माटीत.”

“तुझा खोकलाही गेला असेल त्यांच्याबरोबर. त्याला कुठे कागदपत्रं लागतात! फोन कर, तपासून घ्यायला सांग.”

तिथल्या मुकादमांना कळलं तर त्यांची हकालपट्टी व्हायची, आणि शिव्या मला. “एजे, तूच बोल ना.”

“माझं कोण ऐकणार? ते तुझ्याबरोबर एका ताटात जेवलेत.”

मी तिच्यासमोरच फोन लावले. बहुतेकांनी ऐकून घेतलं. मकसत मात्र उसळला, “कुत्र्या, घरी लहान पोर आहे माझी!” आणि फोन बंद केला.

झुउरानं भिंतीपलीकडून सारं ऐकलं होतं. ती दारात आली तेव्हा मी पिशवी भरायला घेतली.

“मावशी म्हणे! खोटारडी!” ती एजेवर ओरडली. “माझ्या अंगणात क्षय?”

“खोटं बोलले, चुकलं माझं,” एजे म्हणाली. “पण औषध लागू पडलंय. तपासणी झालीय, आता याच्यापासून धोका नाही. हाकललंस तर गोळ्या सुटतील, मग मात्र पसरेल.”

झुउरानं आपला फोन माझ्यापुढे धरला. “माझा पोरगा एर्मेकही तिकडे रशियातच राबतो. तसल्याच खोलीत. त्याला सांग, खिडकी उघड म्हणावं. खोकत असशील तर तपासून घे म्हणावं.”

त्या दिवसापासून तिच्या शोरब्यातली एक वाटी माझ्याकडे येऊ लागली.

उन्हाळ्यात माझा औषधाचा कोर्स पूर्ण झाला. त्याच आठवड्यात मकसतचा फोन आला. “सापार, पोरीला लागण झाली होती. वेळेवर कळलं म्हणून... आज अंगणभर धावत होती. तेव्हा शिव्या घातल्या, मनावर घेऊ नकोस भावा.”

मी गरम नान घेऊन दवाखान्यात गेलो. एजे पायरीवर उभी राहून बुटांची धूळ झटकत होती. तिला सगळं सांगितलं.

“नाव काय पोरीचं?”

“आयबिके.”

तिनं ते नाव एकदा स्वतःशीच उच्चारलं आणि पायरीवर बसली. बूट काढून बाजूला ठेवले, नान मोडून अर्धा माझ्या हातात दिला. उन्हात पाय पसरून आम्ही खात राहिलो.