पंधरावा खिळा

सारिकाचा प्रोग्रॅम चालत नव्हता, असं कुणाला म्हणता आलं नसतं. चालायचा तो, आणि उत्तरही बरोबर द्यायचा. फक्त ते उत्तर वरातीमागून घोडे यावेत तसं यायचं. रावेरजवळच्या त्या पॅक हाऊसमधून केळी कापणाऱ्या टोळ्यांचे ट्रॅक्टर पहाटे पावणेसहाला सुटत. आज कुठल्या शेतात किती घड कापायला तयार आहेत, याची यादी प्रिंटरमधून बाहेर पडायची साडेसहाला. तोवर मुकादमांनी आपापल्या अंदाजाने शेतं वाटून घेतलेली असत, आणि ती कोरीकरकरीत यादी चहाचे पेले ठेवायला कामी येई.

काम तसं ऐकायला सोपं होतं. केळ निसवली, म्हणजे खोडातून घड बाहेर पडला, की कुंदाबाईच्या हाताखालच्या बाया त्या घडाला त्या आठवड्याच्या रंगाची फीत बांधत. दर आठवड्याला एक, असे सात रंग. बारा आठवडे झाले की घड कापायचा, फीत सोडायची आणि पुराव्यासाठी पॅक हाऊसवर परत आणायची. बांधलेल्या फितींची एक यादी होती चाळीस हजार ओळींची, कापलेल्या घडांची दुसरी बावीस हजारांची. पहिलीतून दुसरी वजा केली की शेतात काय उरलं ते समजतं. पण कापलेल्याची नोंद मुकादमांच्या फोनात असायची, आणि सातपुड्याच्या पायथ्याला रेंज म्हणजे पाहुण्यासारखी, आली तर आली. त्यामुळे मुकादम पहाटे पाचला फाटकातून आत आले की मगच नोंदी उतरत. हाताशी पाऊण तास, आणि प्रोग्रॅम खायचा दीड तास.

सोमवारी मालक भूपेंद्रभाऊंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. माणूस तोंडाचा गोड, कडू गोष्टसुद्धा पेढा दिल्यासारखी द्यायचा.

"सारिका बेटा, शनिवारी दुबईचा कंटेनर भरायचाय," ते म्हणाले. "मागच्या खेपेला जुना झालेला माल गेला, वाटेतच पिकला. शनिवारी तुझी यादी पावणेसहाच्या आत आली आणि बरोबर आली, तर पुढे चालू. नाही तर आपलं रजिस्टर बरं. मग तुला तरी इथे कशाला अडकवून ठेवू?"

सारिकाने मान डोलावली. पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं तिच्याकडे होतं आणि त्यांना उत्तर हवं होतं शनिवारी दुपारी बारापर्यंत. पण तिला जायचं नव्हतं. जळगावला शिकताना तिने जामनेरच्या घरी छातीठोकपणे सांगितलं होतं, की कॉम्प्युटरचं काम आपल्याकडेही भरपूर आहे, मी इथेच करून दाखवीन. आता तोंडघशी पडायची वेळ आली होती, आणि त्याची तिला भीती वाटत होती. तीन महिन्यांत त्या ऑफिसात तिने स्वतःची म्हणावी अशी एक वस्तू ठेवली नव्हती. पिशवीसुद्धा पायांशी असायची, उचलली की चालू पडता येईल अशी.

नाचता येईना अंगण वाकडे, हे आपल्याकडे सगळ्यांना लागू पडतं, शिकलेल्यांना जरा जास्तच. सारिकाने आधी कॉम्प्युटरला नावं ठेवली. तो जुना होता हे खरंच. बिचाऱ्या भूपेंद्रभाऊंनी मंगळवारी भुसावळहून बरा कॉम्प्युटर आणवला. दहा मिनिटं वाचली.

मग बुधवारी दुपारी ती वही-पेन घेऊन बसली आणि आपणच लिहिलेलं परक्याचं असल्यासारखं वाचायला लागली. पहिल्या यादीतली एक ओळ घ्यायची, तिच्यासाठी दुसरी यादी वरपासून खालपर्यंत चाळायची. पुढची ओळ घ्यायची, पुन्हा सगळी दुसरी यादी. वर प्रत्येक वेळी तारीख अक्षरांतून आकड्यांत नव्याने बदलायची. चाळीस हजार गुणिले बावीस हजार. तिने शून्यं दोनदा मोजली. अठ्ठ्याऐंशी कोटी. पहिल्या दिवशी पन्नास ओळींवर करून पाहिलं तेव्हा पापणी लवायच्या आत झालं होतं, त्यामुळे हा हिशोब तिच्या मनातही आला नव्हता.

"काय व्हयनं वं पोरी? तोंड उतरेल शे तुनं."

कुंदाबाई फितींचं पोतं घेऊन आत आली होती. मूळची धुळ्याकडची. लग्न होऊन रावेरला आल्याला तीस वर्षं झाली, तरी बोली तिने माहेरचीच ठेवली होती. सारिकाच्या खुर्चीमागच्या भिंतीवर खिळ्यांच्या दोन रांगा होत्या. कुंदाबाईने पोत्यातून एक फीत काढली, लाल. लाल खिळ्यावर टांगली. दुसरी हिरवी, हिरव्या खिळ्यावर. प्रत्येक फीत एकदाच हातात घ्यायची, तिच्या जागी टांगायची, की विसरायची. गप्पा मारता मारता पोतं रिकामं झालं.

"अक्का, लाल किती आल्या आज?" सारिकाने सहज विचारलं.

कुंदाबाईने खिळ्याकडे पाहिलं. विसाविसाची जुडी बांधायची तिची पद्धत होती. "येकशे चाळीस."

"आणि पिवळ्या?"

"साठ. आते बठ्ठा रंग इचारशी का?"

"पोतं पुन्हा चाळावं लागलं नाही तुम्हाला."

कुंदाबाईने तिच्याकडे असं पाहिलं, की ही पोरगी जळगावला शिकली तरी काय. "येक येक रंगनासाठे बठ्ठं पोतं कोन उपसी? येकदाव टांगी दिधं का झायं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. तीन महिने ती त्या खिळ्यांकडे पाठ करून बसली होती. तिने खुर्ची ओढली आणि प्रोग्रॅम नव्याने लिहायला घेतला. कापलेल्या घडांची यादी एकदाच वाचायची आणि प्रत्येक नोंद तिच्या खिळ्यावर टांगायची. खिळ्याचं नाव शेत आणि रंग. मग बांधलेल्या फितींची यादी एकदाच वाचायची, त्या त्या खिळ्यावर काय आहे ते पाहायचं, वजा करायचं. बावीस हजार आणि चाळीस हजार, दोन्ही मिळून बासष्ट हजार. गुणाकाराच्या जागी बेरीज आली. तिने बटण दाबलं आणि चार सेकंदांत यादी समोर आली. काहीतरी बिघडलं असणार म्हणून तिने पुन्हा दाबलं. पुन्हा चार सेकंद.

गुरुवारी पाच वाजून चार मिनिटांनी यादी छापून तयार. भूपेंद्रभाऊंनी जिलेबी मागवली. यादीत पहिलंच नाव होतं तोताराम आबांच्या शेताचं, लाल फितीचे सहाशे चाळीस घड तयार. अभिमन मुकादम वीस माणसं आणि दोन ट्रॅक्टर घेऊन तिकडे निघाला. सारिकाने जिलेबी खाल्ली. त्या वेळी ती तिला फारच गोड लागली होती.

नऊला अभिमनचा फोन आला. "ताई, अर्धाच घड तयार शेतस. बाकीना बोटएवढा."

सारिका स्कूटी घेऊन शेतात पोचली, तेव्हा कुंदाबाई कोयतेवाल्या गड्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. यादीत सहाशे चाळीस लिहिलंय म्हणून नव्या गड्यांनी तीन कोवळे घड उतरवलेच होते, मग तिने सगळ्यांना थांबवलं. सत्तरीचे तोताराम आबा त्यातला एक घड मांडीवर घेऊन बांधावर बसले होते. ते रागावले नाहीत. "पाच आठवड्याचा होता," एवढंच म्हणाले. सारिकाला इतकी लाज वाटली, की त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कुंदाबाईने खोडापाशी नेऊन तिला दोन घड दाखवले. दोन्हीवर लाल फीत. एकीला एक गाठ, दुसरीला दोन.

"सात रंग सरनात का परत लालपाईन सुरू," ती म्हणाली. "म्हनीसन दुसरी फेरीले दोन गाठी. तिसरीले परत येक. तवलोंग पहिली फेरी कापाई जास."

"मला आधी का नाही सांगितलंत, अक्का?"

"तू इचारंच नही. रंग सात, खिळा चौदा. वरला येक गाठना, खालना दोन गाठना. तुनी पाठमागेच ते ठोकेल शेतस."

सारिकाला वाटलं होतं, खालची रांग जास्तीची आहे. तिचा जुना प्रोग्रॅम रडतखडत का होईना, तारखा पडताळून पाहायचा, म्हणून चुकत नव्हता. वेगाच्या नादात तिने तारीखच फेकून दिली होती, आणि दोन फेऱ्यांच्या फिती एकाच खिळ्यावर जाऊन बसल्या होत्या. अडाणी ठरवलेल्या भिंतीने चौदा खिळे ठेवले होते, शहाण्या प्रोग्रॅमने सातच.

शुक्रवारी तिने खिळ्याचं नाव बदललं. शेत, रंग आणि गाठ. बांधल्याची तारीख प्रत्येक नोंदीत होतीच, तिच्यावरून फेरी कळत होती. कापलेल्या घडाची फेरी कापल्याच्या तारखेतून बारा आठवडे मागे गेलं की कळत होती. तारीख नोंदीमागे एकदाच बदलायची, अठ्ठ्याऐंशी कोटी वेळा नाही. चाराचे पाच सेकंद झाले. या वेळी तिने जिलेबीची वाट पाहिली नाही. कुंदाबाईला शेजारी बसवून तिने सांगितलं, "तुम्हाला वाटतील ती तीन शेतं निवडा." कुंदाबाईने मुद्दाम अडचणीची निवडली, तिन्हींत दोन्ही फेऱ्या एकत्र असलेली. बाया संध्याकाळपर्यंत त्या शेतांत घड मोजून आल्या. तिन्ही आकडे यादीशी जुळले.

शनिवारी पाच वाजून सहा मिनिटांनी यादी निघाली. भूपेंद्रभाऊंनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि अभिमनच्या हातात दिली. पावणेसहाला ट्रॅक्टर गेले. मग वाट पाहण्यापलीकडे काही काम उरलं नाही. साडेदहाला पुण्याहून संदेश आला, "उत्तराची वाट पाहतो आहोत." तिने तो वाचला आणि फोन पालथा ठेवला.

सव्वाअकराला ट्रॅक्टर परतले. तोताराम आबांच्या शेतासाठी यादीत होतं, लाल, एक गाठ, शिल्लक सगळे घड, तीनशे सात. कुंदाबाई फिती टांगत होती आणि सारिका शेजारी उभी राहून मोजत होती. वीस वीसच्या जुड्या पंधरा झाल्या. वर पाच. तीनशे पाच.

दोन कमी. सारिकाने यादी पुन्हा पाहिली, आकडा बदलणार नव्हता. दारात भूपेंद्रभाऊ येऊन उभे होते.

कुंदाबाईने कमरेची चंची सोडली. तिच्यातून दोन लाल फिती काढल्या, मातीने माखलेल्या, एकेका गाठीच्या, आणि खिळ्यावर टांगल्या. "दोन घड वारामा पडनात. पडेल घडनी फीतबी आननी पडस."

"तीनशे सात," सारिका म्हणाली.

भूपेंद्रभाऊंनी चष्मा काढला. "सोमवारपासून रजिस्टर बंद," ते म्हणाले, आणि कंटेनरकडे निघाले. दारातून मागे वळून म्हणाले, "तोताराम आबांच्या त्या तीन घडांचं मी पाहून घेतो. तू मात्र एकदा जाऊन त्यांना भेटून ये."

कुंदाबाईने खिळ्यांच्या रांगा एकदा डोळ्यांखालून घातल्या. मग कोपऱ्यातला दगड उचलला, ओच्यातून एक खिळा काढला आणि दाराजवळच्या भिंतीत ठोकायला लागली.

"आता आठवा रंग आणताय का अक्का?"

"तुनी पिशवीसाठे शे," कुंदाबाई म्हणाली. "तीन महिना देखी ऱ्हायनू, पायपाशी ठेवस. जानारनी पिशवी पायपाशी ऱ्हास. ऱ्हानारनी भितवर."

सारिकाने पिशवी उचलली, झटकली आणि खिळ्यावर टांगली. मग पालथा ठेवलेला फोन घेतला. बाराला अजून वीस मिनिटं होती, पण तिने पुण्याला लगेच कळवून टाकलं.