उरलेला स्क्रू

मन्मथअप्पांनी जुनी जीप घेतली तेव्हा बायकोनं, बसम्मानं, एकच विचारलं होतं, परभणी जिल्ह्यात गाडीला हीटर कशाला? जिंतूरच्या उन्हात त्याचा उपयोग शून्य, उपद्रव मात्र झालाच. डॅशबोर्डाच्या पोटातला हीटरचा छोटा रेडिएटर गळायला लागला आणि त्यातलं हिरवं, चिकट पाणी थेट तिच्या नव्याकोऱ्या इरकली साडीवर सांडलं.

सोमवारी चारठाण्याला भाचीचं बारसं. नाव ठेवणारी आत्या हीच, म्हणजे गाडी निघायलाच हवी. तिच्या भावाचं, विरेशचं, तिथं गॅरेज होतं. त्यानं फोनवर सुचवलं, हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडा आणि हीटरच वगळा. अप्पांना ते झोंबलं. मेव्हण्याच्या अकलेनं सासरवाडीला जायचं म्हणजे जन्मभराची थट्टा. त्यांनी नवा रेडिएटर मागवला, मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि रविवारी अंगणात डॅशबोर्ड खोलला.

इथवर ठीक होतं. पण स्क्रू ठेवायला त्यांनी न विचारता मसाल्याचा डबा उचलला. हळद, तिखट कागदावर ओतून वाटीवाटीत स्क्रू मांडले. बसम्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते हात धुवायला उठताच तिनं आपल्या शिलाई मशीनचा एक स्क्रू काढून हळूच जिऱ्याच्या वाटीत टाकला.

दुपारी चारला डॅशबोर्ड बसला आणि जिऱ्याच्या वाटीत एक स्क्रू उरला. अप्पांचा चेहरा उतरला. पदराआड हसू दाबत बसम्मानं विचारलं, विरेशला फोन लावू का? "बिलकूल न्हाई," म्हणत त्यांनी सगळं पुन्हा खोलायला घेतलं.

ऊन कलायला लागलं तसं तिचं हसू आटलं. गाडी जागेवरच राहिली तर आत्याविना बारसं व्हायचं आणि दोष हिच्या खोडीचा. खरं सांगून टाकावं म्हणून ती बाहेर आली, तर अप्पा कोपरापर्यंत हात आत घालून काहीतरी आवळत होते. ती बोलणार तोच त्यांनी चहा मागितला आणि दिवेलागणीला जीप तयार झाली.

सोमवारी ती कोरड्या पायांनी उतरली आणि भाचीच्या कानात "शिवानी" म्हणून कुर्र करून आली. जेवताना अप्पा विरेशला ऐटीत सांगत होते: एक स्क्रू उरला म्हणून पुन्हा खोललं, तर नळीची क्लिप आवळायचीच राहिलेली. सगळं पाणी वाटेत गळून इंजिन बसलं असतं. विरेश म्हणाला, दाजी, तुमी तर उस्ताद निघालात. वाढता वाढता बसम्माला आपला अभिमानही वाटला आणि लाजही.

परतीच्या वाटेवर अप्पांनी खिशातून स्क्रू काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"गाडीच्या समद्या स्क्रूंच्या डोक्यावर फुली हाय. ह्याच्यावर एकच चीर. मशीन हलायली असंल तुजी."

तिनं स्क्रू पदराच्या टोकाला बांधला.

"विरेशला सांगू नगंस," अप्पा हळूच म्हणाले.

"मसाल्याचा डबा घासून द्या मग," ती म्हणाली.

घरी आल्यावर अप्पांनी तो दोनदा घासला.